करकोच्यासाठी अडवलेलं पाणी

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या तोयोओकात करकोचा शेतकऱ्यांचा काही लाडका पक्षी नव्हता. दोन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी बेडूक-मासे शोधत खाचरात शिरे आणि नुकती लावलेली रोपं तुडवी, म्हणून लोक त्याला हाकलत. पुढे कीटकनाशकं आली, नदीनाले बांधून काढले गेले आणि हाकलायला पक्षीच उरला नाही. देशातला शेवटचा जंगली करकोचा १९७१ मध्ये इथेच मेला.

१९६५ पासून पिंजऱ्यात पैदाशीचे प्रयत्न चालू होते. १९८५ मध्ये सोव्हिएत संघातल्या खाबारोव्स्कहून सहा पिल्लं आली आणि १९८९ मध्ये पहिली वीण यशस्वी झाली. २४ सप्टेंबर २००५ रोजी पाच पक्षी आकाशात सोडले, तेव्हा राजपुत्र हजर होते. बातम्यांत हे सगळं आलं. खरं अवघड काम मात्र खाली, चिखलात होतं. करकोच्याला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास जिवंत खाणं लागतं. ते कुठून आणायचं?

शेतकरी, त्यांची सहकारी संस्था, नगरपालिका आणि प्रांताचं कृषिखातं यांनी मिळून भाताची एक पद्धत बसवली. २००३ मध्ये सुरुवात झाली ती एक हेक्टरही भरणार नाही एवढ्या जमिनीवर. तिचं मर्म पाण्याच्या वेळापत्रकात आहे. कापणीनंतर खाचर कोरडं न ठेवता हिवाळ्यात त्यात पाणी भरतात. कोंडा आणि पेंढा कुजतो, चिखलात बारीक गांडुळासारखे किडे वाढतात. त्यांच्या विष्ठेचा मऊ थर तणाच्या बियांवर बसला की बरंचसं तण उगवतच नाही.

सर्वांत नाजूक वेळ जूनमधली. मुळांना हवा मिळावी, नको ते फुटवे थांबावेत म्हणून भातशेतीत तेव्हा पाणी काढून टाकतात. पण त्या सुमारास बेडकांच्या पिल्लांना पाय फुटलेले नसतात. पाणी गेलं की ती मेलीच. म्हणून इथले शेतकरी वाफ्यात वाकून पिल्लं बघतात आणि पाणी जुलैपर्यंत धरून ठेवतात. वाचलेले बेडूक पुढे भातावरचे तुडतुडे खातात. निचऱ्याच्या चराची पातळी खोल गेल्यामुळे मासे खाचरात चढू शकत नव्हते, तिथे पायऱ्यापायऱ्यांचे मार्ग बांधले. कोकणात चढणीचे मासे पकडलेल्या माणसाला याची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

पण हे सगळं निव्वळ पक्षिप्रेमापोटी टिकलं असतं, असं मला वाटत नाही. पाटाचं पाणी सामाईक असतं. एकट्याने हिवाळ्यात खाचर भरलं तर शेजाऱ्याच्या शेतात पाझरतं. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची संमती आधी हवी. शिवाय बिनऔषधी भाताला मेहनत जास्त. ती भरून निघाली, कारण सहकारी संस्थेने हा तांदूळ करकोच्याच्या नावाने नेहमीपेक्षा चढ्या भावाने विकत घेतला. गावातल्या शाळांच्या जेवणातही तो आला. अनुदानापेक्षा भाव शेतकऱ्याला लवकर पटतो, हे कुठल्याही देशात खरं असावं.

२००७ मध्ये, ४६ वर्षांनंतर, जपानमध्ये मोकळ्यावरच्या घरट्यातून करकोच्याचं पिल्लू उडालं. मारुयामा नदीचा खालचा भाग आणि भोवतीची खाचरं २०१२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. आता देशात मोकळे करकोचे शेकड्यांनी आहेत आणि या पद्धतीची शेती चारशे हेक्टरांच्या आसपास पोचली आहे. शेतकऱ्यांची वयं मात्र वाढत चालली आहेत, आणि जूनच्या उन्हात बेडकांची पिल्लं तपासायला तरुण माणसं हवीत.