त्या काळ्या बादलीत काय आहे?

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्याने ड्राइव्हवेची काय दशा केली, ते एप्रिलमध्ये बर्फ पुरतं वितळल्यावर कळतं. न्यू जर्सी, कनेटिकट किंवा तिकडे शिकागोच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची डांबरी पट्टी राखाडी पडलेली असते, कडेची खडी सुटलेली असते आणि मधूनच एखादी चीर आडवी गेलेली असते. मे उजाडला की दारोदार सीलकोटिंगच्या, म्हणजे ड्राइव्हवेवर सीलरचा काळा संरक्षक थर देण्याच्या, जाहिराती अडकवल्या जातात. घरमालक दर विचारतो, किती वर्षं टिकेल ते विचारतो. सीलरच्या बादलीत नेमकं काय आहे, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

आधी डांबरी थराबद्दल थोडं. त्यात वजनाने साधारण ९५ टक्के खडी, वाळू आणि दगडाची भुकटी असते. या सगळ्याला धरून ठेवतं ते उरलेलं पाचेक टक्के बिटुमेन, म्हणजे खनिज तेलातून मिळणारं डांबर. ऊन आणि हवेतला प्राणवायू या बिटुमेनला हळूहळू कडक करतात, त्यातला तेलकट अंश कमी होतो आणि पृष्ठभाग ठिसूळ बनतो. रंग उडणं ही त्याचीच खूण. मग बारीक चिरा पडतात, त्यांत पाणी शिरतं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि चीर रुंद करतं. एका हिवाळ्यात हे गोठणं-वितळणं कितीतरी वेळा होतं. शिवाय गाडीतून ठिबकणारं पेट्रोल आणि इंजिन ऑइल बिटुमेनला विरघळवतं, कारण तीही खनिज तेलाचीच भावंडं.

सीलर या सगळ्यांपासून वरचा थर वाचवतो. त्याचं काम तेवढंच. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर कार्पेटनंतर, म्हणजे खडी-डांबराच्या पातळ थरानंतर, जो सीलकोट देतात, त्यात गरम डांबर आणि बारीक कच असते. ड्राइव्हवेचा सीलर ही निराळी चीज आहे. तो थंडच ओततात, रबरी पट्टीने किंवा ब्रशने ओढतात आणि वाळल्यावर त्याची जाडी कागदाच्या थोडी वर भरते. अशा थराने खचलेली जमीन सावरत नाही. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडल्या असतील तर खालचा खडीचा पाया गेला, असं समजावं. तो भाग खोदून पुन्हा भरायला हवा. त्यावर सीलर फासणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. पहिला अ‍ॅस्फाल्ट इमल्शनचा: बिटुमेनचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले, सोबत चिकणमाती आणि बारीक वाळू. दुसरा अ‍ॅक्रिलिकचा. तो महाग असतो, पण रंग जास्त काळ धरतो. तिसरा द्रावकात विरघळवलेला, पृष्ठभागात मुरणारा. यातल्या काहींत युटा राज्याच्या खाणींतून निघणारं गिल्सोनाइट हे नैसर्गिक डांबर वापरतात. या प्रकाराचा वास उग्र असतो आणि तो ज्वालाग्राही असतो, म्हणून घरी स्वतः लावायला तो मला योग्य वाटत नाही. चौथा कोल टारचा, आणि त्याच्यापाशी थांबायलाच हवं.

कोल टार खनिज तेलापासून येत नाही. पोलाद कारखान्यांसाठी दगडी कोळशाचा कोक बनवताना जो काळा द्रव निघतो, तो हा. पेट्रोल सांडलं तरी तो विरघळत नाही, हा त्याचा खरा गुण, आणि त्यामुळेच विमानतळांवर आणि पेट्रोल पंपांवर तो रुजला. दुकानांच्या पार्किंगवर आणि घरांच्या ड्राइव्हवेवरही तो पसरला, विशेषतः देशाच्या मध्य आणि पूर्व भागात. पश्चिमेकडे अ‍ॅस्फाल्टच्याच सीलरची चाल राहिली.

त्याचा दोष मात्र जुना आणि ठाऊक असलेला आहे. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोल टार चोळून कर्करोगाच्या गाठी निर्माण करून दाखवल्या होत्या. त्यातली पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स, म्हणजे पीएएच, ही संयुगं त्यामागे आहेत. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था कोल टार पिचला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते.

ड्राइव्हवेशी याचा संबंध जुळला तो टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. तिथल्या बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांत सॅलॅमँडर हा दुर्मीळ उभयचर प्राणी राहतो, म्हणून शहराचे लोक आसपासच्या ओढ्यांवर लक्ष ठेवून होते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांना ओढ्यांच्या गाळात पीएएचचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त आढळलं. माग काढत गेल्यावर तो सीलर लावलेल्या पार्किंगपाशी पोचला. टायरखाली घासून सीलरची भुकटी होते, पावसाबरोबर गटारात जाते, आणि पावसाळी गटार शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट ओढ्यात जातं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले पीटर व्हॅन मीटर आणि बार्बरा माहलर यांनी हा विषय पुढे वर्षानुवर्षं लावून धरला. कोल टारच्या सीलरमध्ये पीएएच अ‍ॅस्फाल्टच्या सीलरपेक्षा साधारण हजार पट असतात, हे त्यातून पुढे आलं. मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद घरातली आहे: कोल टार लावलेल्या पार्किंगलगतच्या घरांच्या धुळीत पीएएच इतर घरांच्या सुमारे पंचवीस पट आढळले. चपलांबरोबर धूळ आत येते आणि रांगतं मूल त्याच जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालतं.

सीलर उद्योगाच्या संघटनेने या निष्कर्षांवर आक्षेप घेतले, वाद बराच चालला. ऑस्टिनने २००६ पासून कोल टारवर बंदी घातली. काही वर्षांनी तिथल्या लेडी बर्ड लेकच्या गाळात पीएएच निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. माझ्यापुरता निवाडा तिथेच झाला. वॉशिंग्टन डी.सी., वॉशिंग्टन राज्य, मिनेसोटा आणि पुढे मेन, न्यूयॉर्क यांनीही तीच वाट धरली. पण देशभर बंदी नाही, त्यामुळे ठेकेदाराच्या टाकीत काय आहे ते आपणच पाहायला हवं.

ते ओळखता येतं. ताज्या कोल टार सीलरला आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांसारखा वास येतो, आणि तो उगाच नव्हे, त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कोल टारमधूनच काढलं जायचं. आधीच लावलेला थर तपासायचा तर त्याचा खरवडून काढलेला चिमूटभर चुरा काचेच्या बाटलीत रंगकामाच्या मिनरल स्पिरिटमध्ये टाकावा आणि हलवावं. अ‍ॅस्फाल्ट असेल तर द्रव काळ्या कॉफीसारखा गडद होतो. कोल टार असेल तर फिकट, पातळ चहाच्या रंगाचा राहतो. चाचणी ढोबळ आहे, पण घरच्या घरी होणारी आहे.

घरच्या ड्राइव्हवेसाठी माझं मत अ‍ॅस्फाल्ट इमल्शनला, आणि हात सैल सोडायची तयारी असेल तर अ‍ॅक्रिलिकला. मात्र बादली चांगली असूनही काम घाईत बिघडतं. नवा ड्राइव्हवे लगेच सील करू नये. त्यावर पाणी ओतल्यावर ते थेंब-थेंब होऊन तेलकट तवंग दाखवत असेल, तर अजून थांबावं, बहुधा सहा महिने ते वर्षभर. जुन्या ड्राइव्हवेवर तेलाचे डाग धुवावेत, पाव इंचाच्या आसपासच्या चिरा क्रॅक फिलरने भरून वाळू द्याव्यात. हवा किमान ५० फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सियस, आणि पुढचा दिवसभर पावसाचं नाव नको. पाऊस आला तर ओला सीलर वाहून थेट ओढ्यात जाईल. पाच गॅलनची बादली पृष्ठभागाच्या खडबडीतपणानुसार साधारण २५० ते ४०० चौरस फूट पुरते. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे, कारण जाड थर आतून ओला राहतो आणि नंतर पोपडे धरतो. दुसऱ्या हातानंतर गाडी दोन दिवस रस्त्यावरच ठेवावी.

दर वर्षी सीलर लावायला सांगणाऱ्याचं ऐकू नये. तीनेक वर्षांनी, राखाडी रंग आणि खडी डोळ्यांना दिसू लागल्यावर लावणं पुरेसं आहे. 'शेजारी काम केलं, माल उरलाय, स्वस्तात करून देतो' म्हणत दारात उभा राहणाऱ्यालाही वाटेला लावावं. तो बहुधा पाणी घातलेला सीलर फासून जातो आणि पुन्हा सापडत नाही.

ठेकेदार कितीही भला वाटला, तरी कामाआधी त्याच्याकडून सीलरची सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. घटकांच्या यादीत कोल टार पिच हे नाव किंवा ६५९९६-९३-२ हा कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा नोंदणी क्रमांक, दिसला, तर त्याला बादली उघडू देऊ नका.