अंगणातला तलाव (भाग ३) : खालून येणारं पाणी

मागच्या दोन भागांत आपण पोहण्याच्या तलावाचा आकार आणि खर्च पाहिला. नमुन्यासाठी २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट पाण्याचा तलाव धरला होता. त्यात साधारण ३८ हजार लिटर पाणी बसतं. तलाव बांधायचं घरात ठरलं, की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हेच पाणी असतं. ते कुठून आणायचं, स्वच्छ कसं ठेवायचं, त्याला किती खर्च येईल, यावर बैठका होतात. आज मला बोलायचं आहे ते तलावाबाहेरच्या, मातीतल्या पाण्याबद्दल. पहिल्यांदा तलाव बांधणाऱ्याने जागा ठरवण्याआधी या पाण्याची चौकशी करायला हवी, आणि बहुतेक वेळा तीच राहून जाते.

ती राहून जाण्याचं कारण आपल्या भागात दडलेलं आहे. सातारा-सांगलीकडच्या माणसाला विहीर कळते. इथल्या दोन-तीन पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून, काठावरून थोरल्या भावाने ढकलून दिल्यावर. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल. इतकं खोल जाऊन दगडी बांधकाम करायचं ते झऱ्यांसाठी. खालून, बाजूने पाणी आत आलं पाहिजे, हाच त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू. पोहण्याच्या तलावात याच्या अगदी उलट काम करायचं असतं. आतलं पाणी बाहेर जाता कामा नये आणि बाहेरचं आत येता कामा नये. खड्डा खणताना पाझर फुटला, की विहीर खणणारा नारळ फोडतो. तलाव बांधणाऱ्याने तिथे काम थांबवून नकाशा पुन्हा उघडायला हवा.

पाझर फुटल्याने नेमकं काय बिघडतं, ते आकड्यांत पाहू. आपल्या नमुन्याच्या तलावाला ९ इंच जाडीचा काँक्रीटचा तळ आणि तितक्याच जाडीच्या, ५ फूट उंचीच्या भिंती दिल्या, तर रिकाम्या तलावाचं वजन साधारण ४० टन भरतं. हा आकडा ऐकला की वाटतं, एवढं धूड कशाला हलतंय! आता बाहेरचं माप घ्या. भिंतींसकट तळ साडेसव्वीस फूट बाय साडेतेरा फूट होतो. जमिनीतलं पाणी या तळाच्या वर जितकं चढेल, तितकं ते तलावाला वर ढकलतं आणि दर फुटाला हा जोर सुमारे १० टनांनी वाढतो. चार फूट पाणी चढलं, की ४० टनांची बरोबरी झाली. त्यानंतर तलाव जमिनीत राहत नाही, होडीसारखा उचलला जातो. आपल्या तलावाची एकूण खोली पावणेसहा फूट आहे. म्हणजे जमिनीखाली पावणेदोन फुटांवर पाणी आलं तरी एवढा अनर्थ होऊ शकतो. खर्च वाचवायला तळ आणि भिंती ६ इंचांच्या केल्या, तर पावणेतीन फूट पाणीसुद्धा पुरतं. उचललेला तलाव पुन्हा जागेवर बसत नाही. तळाला तडे जातात, पाइप तुटतात, एक कोपरा वर राहतो आणि बहुतेक वेळा सगळं फोडून टाकावं लागतं.

तलाव भरलेला असेल तर ही भीती नाही. आतलं ३८ टन पाणी त्याला दाबून धरतं. अगदी जमिनीच्या बरोबरीने बाहेर पाणी उभं राहिलं तरी पुरेल इतकं ते वजन आहे. धोका असतो तो रिकामा तलाव आणि वर आलेलं भूजल एकत्र येतात तेव्हा. ही गाठ कधी पडते, हे दोन जिल्ह्यांत वेगवेगळं आहे.

आधी सांगली. मिरज, पलूस, वाळवा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती कित्येक फूट खोल आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. बांधकामाखाली अशी माती दरवर्षी खालीवर होत राहिली, तर काँक्रीट कितीही चांगलं असो, ते थकतं. यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे काळी माती काढून मुरूम भरणं. उपाय चांगला आहे, पण अर्धवट केला तर तोच अंगाशी येतो. मुरमातून पाणी चटकन उतरतं, भोवतालच्या काळ्या मातीतून मात्र ते फारसं बाहेर जात नाही. परिणामी मुरमाने भरलेला खड्डा हाच एक हौद होतो आणि तलाव त्या हौदात उभा राहतो. मुरूम भरायचा असेल, तर त्यातलं पाणी काढून देण्याची सोयही त्याच दिवशी करायला हवी.

ही सोय कशी करायची, ते सांगलीच्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी देऊन या पट्ट्यातली बरीच जमीन क्षारपड झाली. ती सुधारण्यासाठी जमिनीखाली भोकं असलेले पाइप टाकतात, त्यांना गाळणीचं कापड गुंडाळतात आणि उताराने साचलेलं पाणी बाहेर काढतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या निचऱ्यावर बरीच वर्षं काम झालं आहे. तलावाच्या तळाखाली आणि भिंतींच्या कडेने हेच पाइप खडीत टाकायचे. फरक एकच: शेताला नाल्याकडे उतार मिळतो, सपाट प्लॉटला तो मिळत नाही. त्यामुळे पाइप एका कोपऱ्यातल्या विहिरीवजा टाकीत आणून सोडायचे आणि तिथे पाण्यातला छोटा पंप ठेवायचा. त्याच टाकीत डोकावलं की बाहेरचं पाणी कुठवर आलं आहे, तेही दिसतं. क्षारपड जमिनीत आणखी एक काळजी आहे. तिथलं खारं पाणी काँक्रीटमधल्या सळया गंजवतं, म्हणून बोअरचं पाणी तपासल्याशिवाय त्यात सिमेंट कालवू नका. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर.

कृष्णेच्या पुराबद्दल मात्र आजच बोलायला हवं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आहे आणि ४५ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ या वर्षीही शहरात पाणी शिरलं. प्लॉट घेताना लोक निळी आणि लाल पूररेषा पाहतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत तलावाचा विचारच करू नये. लाल रेषेच्या आसपास बांधायचाच असेल, तर घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: पूर ओसरल्यावर गाळाने भरलेला तलाव लगेच उपसायचा नाही. घर धुवायला काढलेलं असतं, मोटार लावलेली असते, तो घाणेरडा तलाव डोळ्यांना सहन होत नाही. पण नेमके हेच दिवस सर्वांत धोक्याचे. नदी उतरली तरी मातीतलं पाणी उतरायला वेळ लागतो. शेजारच्या विहिरीची पातळी आपल्या तळाच्या खाली गेल्याची खात्री झाल्यावरच उपसा सुरू करायचा. तोवर गाळ तसाच राहू द्यावा लागला तरी चालेल.

आता सातारा. इथे खडक वर आहे, त्यामुळे पाण्याची चिंता नाही, असं बरेचजण धरून चालतात. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर किंवा वाईकडच्या डोंगरपायथ्याला खणायला घेतलं, की हातभर मातीखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा कातळ लागतो. जेसीबी थांबतो आणि ब्रेकर आणावा लागतो. आपल्या नमुन्याच्या तलावाला काम करायची जागा धरून २३ ते २५ ब्रास खोदाई लागते. त्यातले किती ब्रास कातळाचे निघतील, यावर खर्च दुपटीनेही फिरू शकतो. म्हणून खोदाईचा दर माती, मुरूम आणि कातळ असा वेगवेगळा लिहून घ्यावा. सरसकट दरात पुढे भांडण ठरलेलं.

पाण्याचा प्रश्नही इथे सुटत नाही, त्याचं रूप तेवढं बदलतं. कातळात फोडलेल्या खड्ड्यातून पाणी जाणार कुठे? तलावाची भिंत आणि खडक यांच्यामधली फट आपण निघालेल्या मातीने बुजवतो. पावसाची एक चांगली रात्र झाली, की डोंगरावरून उतरलेलं पाणी त्या फटीत साचतं. भूजल कितीही खोल असलं तरी तलावाभोवती चार फूट पाणी उभं राहू शकतं. सुदैवाने इथे उतार आहे. वरच्या बाजूला एक चर खणून डोंगराचं पाणी वळवायचं आणि तळाखालचा पाइप खालच्या बाजूला उघड्यावर काढायचा. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. मला विचाराल, तर साताऱ्याकडच्या तलावावर खर्च होणाऱ्या रुपयांत सर्वांत सत्कारणी लागणारा रुपया हा आहे.

उताराचा एक मोह मात्र टाळायला हवा. खोदाई वाचावी म्हणून तलाव अर्धा डोंगरात आणि अर्धा भरावावर बसवतात. दरीकडची बाजू मोकळी राहिल्याने दिसायलाही तो फार सुंदर दिसतो. कातळावरचा भाग हलत नाही, भराव मात्र दोन-तीन पावसाळे खचत राहतो आणि जिथे दोन्ही मिळतात, तिथे तळाला आडवी चीर जाते. सगळा तलाव खोदलेल्या जमिनीवरच बसू द्या. दरीकडची बाजू उघडी ठेवायचीच असेल, तर तिच्यासाठी कातळापर्यंत पाया नेणारी रचना इंजिनिअरकडून करून घ्या. पाटण-कोयनेकडे हे अधिकच कसोशीने पाळायला हवं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्या भागातली माणसं विसरलेली नाहीत. तिथे विटांच्या भिंतींचा तलाव बांधू नये.

महाबळेश्वर-पाचगणीचा भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे खोदाई, झाडं, बांधकाम या सगळ्यांवर वेगळे निर्बंध आहेत, म्हणून परवानगी हातात येईपर्यंत कुदळ मारू नये. वर सच्छिद्र जांभा आणि महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, अशा जागी तलावाभोवतीचा निचरा हेच मुख्य काम होऊन बसतं.

त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण आहे, आणि पलीकडे सांगलीचे आटपाडी, जत. तिथे पाऊस याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. भूजल खोल, त्यामुळे तलाव उचलला जाण्याची भीती जवळजवळ नाही. तिथे प्रश्न आतल्या पाण्याचा आहे. टँकरच्या गावात ३८ हजार लिटर पाणी पोहण्यासाठी अडवून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे डाळिंबासाठी शेततळं आहे, ते विचारतात, मग त्यातच पोहलं तर? याचं उत्तर ठामपणे नाही. शेततळ्याच्या तिरप्या काठांवर प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. उत्तम पोहणाराही काठाशी येऊन वर चढू शकत नाही. अशाने कितीतरी मुलं गेली आहेत. शेततळं असेल तर त्याला कुंपण हवं, काठावरून पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर हवेत आणि मुलांना तिकडे एकटं जाऊ देता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. जागा ठरवायच्या आधी तिथे एक चाचणीचा खड्डा घ्या, आठ फूट खोल. तो उन्हाळ्यात घेऊन उपयोग नाही. एप्रिलमध्ये सांगलीची मातीही कोरडी ठणठणीत लागते. पाऊस सरता सरता, दसऱ्याच्या सुमाराला घ्या, कारण वर्षातली भूजलाची सर्वांत वरची पातळी तेव्हाच्या आसपास असते. एक दिवस खड्डा तसाच ठेवून पाणी कुठवर चढतं ते मोजा. कुठल्या खोलीवर माती संपली, मुरूम कुठे लागला, हेही लिहून ठेवा. भोवती पत्रे लावून तो झाकल्याशिवाय संध्याकाळी घरी जाऊ नका. घराचा पाया तलावाच्या खोलीच्या किमान दीडपट लांब असावा. वाईसारख्या गावात शेजारी मातीच्या बांधकामाचा जुना वाडा असेल, तर त्याहूनही लांब राहा. शोषखड्ड्याच्या उताराला तलाव नको. जवळ उंबर असेल तर त्याच्या मुळांचा विचार करा.

मोठी खोदाई दिवाळीनंतर सुरू करावी आणि काँक्रीट उन्हाळ्यात उरकावं. फरशी बसवायची राहिली, रंग राहिला, पैसे कमी पडले, काहीही झालं तरी मृगाचा पाऊस लागायच्या आत तयार ढाच्यात पाणी भरून ठेवा. ते विहिरीचं असो की गढूळ असो. त्या पहिल्या पावसाळ्यात आत उभं असलेलं ते पाणीच तुमच्या ४० टनांना धरून ठेवणार आहे. पुढच्या आठवड्यात सळई, काँक्रीट आणि सांधे. तोपर्यंत तुमच्या खड्ड्याच्या नोंदी आणि शेजारच्या विहिरीची पातळी एका कागदावर उतरवून ठेवा. तळाची जाडी आपण त्यावरूनच ठरवू.