घरबसल्या परदेशी पदवी : कस कशावर पारखायचा?

परदेशी विद्यापीठाची पदवी घरबसल्या मिळवून देणाऱ्या जाहिरातींचे अप्रूप आता मराठी वाचकाला उरलेले नाही. नोकरी सोडायला नको, पारपत्र नको, विमानाचे भाडे नको. शुल्क हप्त्यांनी भरावे, पाठ संगणकाच्या पडद्यावर वाचावेत आणि दोन-तीन वर्षांनी इंग्लंड-अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाची अक्षरे नावापुढे लावावीत, असे हे आश्वासन असते. त्याची भुरळ पडते ती धनिकांच्या चिरंजीवांना नव्हे. त्यांना प्रत्यक्ष परदेशी जाण्याचा मार्ग मोकळाच असतो. भुरळ पडते ती बढतीच्या पायरीशी अडलेल्या बँकेतील कारकुनाला, वरच्या वेतनश्रेणीकडे डोळे लावून बसलेल्या शिक्षिकेला आणि तालुक्याच्या गावी बी.कॉम. होऊन पुण्या-मुंबईचा खर्च न झेपणाऱ्या तरुणाला. हा वर्ग शुल्क भरतो तो पतपेढीचे कर्ज काढून किंवा भविष्य निर्वाह निधीतून उचल करून. म्हणूनच अशा विद्यापीठाची प्रतिष्ठा खरी किती आणि ती ओळखायची कशी, हा प्रश्न विद्वत्सभेतील चर्चेपुरता राहत नाही. तो घरखर्चाच्या वहीत येऊन बसतो.

पदवी हा बाजारातील मोठा चमत्कारिक माल आहे. भाजी हाताळून पाहता येते, धान्य दाताखाली फोडून पाहता येते. जुनी मोटार घेणाऱ्याला मात्र विकणाऱ्याइतकी माहिती नसते आणि त्यामुळे चांगल्या मोटारीही हळूहळू बाजारातून हटतात, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील एका निबंधात दाखवून दिले. पदवीची गत जुन्या मोटारीहूनही बिकट आहे. मोटारीचा दोष घाटातल्या पहिल्या चढावर कळतो. पदवीचा दोष कळतो तो सारे शुल्क खर्ची पडल्यावर, नोकरी देणाऱ्याच्या टेबलाशी. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. पदवी ही मालकाला दिलेली एक खूण आहे आणि जी खूण कोणालाही सारख्याच सहजतेने मिळते ती मालकाला काहीच सांगत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. (या दोघांना जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) म्हणजे पदवीचे मोल ती किती जणांना मिळाली यापेक्षा कोणाला मिळू शकली नाही, यावर अधिक अवलंबून असते. विधान कटू आहे. पण दूरशिक्षणात त्याकडे काणाडोळा करणे परवडण्यासारखे नाही.

पेशवाईच्या काळी चांदवडी, अंकुशी असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत. नाव सर्वांचे रुपयाच, परंतु कस निराळा. सराफ त्या मानाने बट्टा कापून घेई. नाण्याचा कस पारखणारा पोतदार हा त्या व्यवहारातला महत्त्वाचा माणूस होता. परदेशी पदव्यांच्या बाजारात आज नाणी भरपूर आहेत, उणीव आहे ती पोतदाराची. त्याची जागा विद्यापीठाचे नाव आणि जागतिक क्रमवारी या दोन गोष्टींनी घेतली आहे, आणि दोन्ही दगा देऊ शकतात.

नावाचे उदाहरण फार जुने नाही. मे २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कराचीतील अ‍ॅक्झॅक्ट या कंपनीचा व्यवहार उजेडात आणला. त्या वृत्तानुसार सुमारे ३७० संकेतस्थळांच्या जाळ्यातून काल्पनिक शाळा-विद्यापीठांच्या पदव्या विकल्या जात होत्या. विद्यापीठांची नावे पाहावीत : ‘कोलंबियाना’, ‘बार्कली’. घाईत वाचणाऱ्याला न्यूयॉर्कचे कोलंबिया आणि कॅलिफोर्नियाचे बर्कली आठवावे, हाच हेतू. पडद्यावर दिसणारे हसतमुख प्राध्यापक हे पैसे देऊन आणलेले नट होते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, या विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्थाही त्याच कारखान्यात तयार झालेल्या होत्या. खोट्या नाण्याबरोबर खोटा पोतदारही विकायला ठेवलेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्रमवारीची गोष्ट इतकी वाईट नाही, पण दिशाभूल करणारी आहेच. क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत अनेक वर्षे ४० टक्के गुण जगभरच्या अध्यापकांच्या मतचाचणीवर अवलंबून होते. २०२४ च्या आवृत्तीत ते प्रमाण ३० टक्क्यांवर आले. ही मतचाचणी मुख्यतः संशोधनाच्या कीर्तीची असते. एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध आहे म्हणून त्याच्या दूरशिक्षण विभागात उत्तरपत्रिका काटेकोरपणे तपासल्या जातात, असे मुळीच नाही. अमेरिकेत तर अनेक नामांकित विद्यापीठांनी आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची जाहिरात आणि विद्यार्थीभरती खासगी कंपन्यांकडे सोपवून त्यांना शुल्कातला मोठा वाटा दिलेला आहे. ज्याला शुल्कात वाटा आहे, त्याला विद्यार्थी नाकारण्यात काय रस असणार?

मग पारखायचे काय? याचे उत्तर या प्रकारच्या शिक्षणाच्या इतिहासातच सापडते, आणि तो इतिहास लंडन विद्यापीठापासून सुरू होतो. १८३६ मध्ये राजसनद मिळालेल्या या विद्यापीठाने १८५८ च्या नव्या सनदेने एक धाडसी निर्णय अमलात आणला. विद्यार्थी कोठे शिकला, कोणाकडे शिकला, हे विचारणे बंद केले. वैद्यकाचा अपवाद वगळता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कोणालाही पदवी खुली झाली. १८६५ मध्ये मॉरिशसला विद्यापीठाची परीक्षा झाली. १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या झाल्या. शिक्षकी करून पोट भरणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १८९० मध्ये बी.एस्सी. मिळविली ती याच मार्गाने. अशा बहिःस्थ विद्यार्थ्यांना टपालाने शिकविण्यासाठी विल्यम ब्रिग्ज यांनी १८८७ मध्ये ‘युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज’ काढले. ब्रिग्ज यांची संस्था शुल्क घेई, पाठ पाठवी, निबंध तपासून परत करी. मात्र पदवी देणे तिच्या हाती नव्हते. पदवी लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांच्या हाती होती आणि त्या परीक्षकांना ब्रिग्ज यांच्या नफ्यातोट्याशी काही कर्तव्य नव्हते. शिकविणारा एक आणि तपासणारा दुसरा, या विभागणीवर लंडनच्या बहिःस्थ पदवीची पत उभी राहिली. नॉटिंगहॅम, साउदॅम्प्टन, हल, एक्सेटर, लेस्टर येथील महाविद्यालये १९४८ ते १९५७ या काळात स्वतंत्र विद्यापीठे झाली, तोपर्यंत त्यांचे विद्यार्थी लंडनच्याच परीक्षांना बसत.

महाराष्ट्राला ही रचना परकी नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्याच धर्तीवर परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून निघाले. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते, त्यांना शिकविले एल्फिन्स्टन महाविद्यालयाने, तपासले विद्यापीठाने. त्या पदवीच्या दर्जाविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. बहिःस्थ म्हणजे कनिष्ठ, ही समजूत आपल्याकडे पुढे रुजली. तिचे खापर पद्धतीवर फोडले जाते, पण बरेचसे पाप ढिल्या परीक्षांचे आहे.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने विश्वास मिळविला तो वेगळ्या वाटेने. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगो येथे मांडलेली ही कल्पना मंत्री जेनी ली यांच्या चिकाटीमुळे प्रत्यक्षात उतरली. हुजूर पक्षातील मातब्बरांनी तिची टर उडविली होती. १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नव्हती! अशा विद्यापीठाची पदवी रद्दीच्या भावाने जायला हवी होती. ती गेली नाही, याची कारणे दोन. एक तर परीक्षांवर इतर विद्यापीठांतील बहिःस्थ परीक्षकांची नजर होती. दुसरे कारण असे की, त्याचे अध्यापन चव्हाट्यावर चालत होते. व्याख्याने बीबीसीवरून प्रसृत होत आणि अभ्यासपुस्तिका तज्ज्ञांच्या गटाने लिहून छापलेल्या असत. त्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकालाही वाचता येत आणि त्यात चूक असेल तर तिचा गवगवा होणे अटळ होते. चार भिंतींआडच्या वर्गात कोणता प्राध्यापक काय शिकवतो, हे इतक्या उघडपणे कोणालाच कळत नाही. प्रवेशाचे दार सताड उघडे आणि बाहेर पडण्याचे दार अरुंद, असे हे विद्यापीठ होते. पदव्या विकणाऱ्या दुकानांत दोन्ही दारे सारखीच रुंद असतात.

प्रतिष्ठा मिळाली म्हणजे ती चिरकाल टिकते असेही नाही. दक्षिण आफ्रिका विद्यापीठाचा उगम १८७३ मधला. १९४६ पासून त्याने पत्रद्वारा अध्यापन सुरू केले. वर्णभेदाच्या काळात ज्या काळ्या नागरिकांना इतर विद्यापीठांची दारे बंद होती त्यांना हाच आधार होता, आणि नेल्सन मंडेला यांनी बंदिवासात असताना १९८९ मध्ये एल्‌एल्.बी. मिळविली ती याच विद्यापीठाची. त्याच विद्यापीठाच्या कारभारावर २०२३ मध्ये शासननियुक्त निरीक्षकाने कडक ताशेरे ओढले. म्हणून आजचा कारभार आजच पाहावा लागतो.

अमेरिकेत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथे विद्यापीठांना अधिस्वीकृती केंद्र सरकार देत नाही. ती देतात बिनसरकारी संस्था. १९५२ मध्ये माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा वाटायचा होता, तेव्हा यांतील कोणत्या संस्था विश्वासार्ह याची यादी सरकारला करावी लागली, आणि तेव्हापासून ती यादी चालू आहे. म्हणजे एखादे अमेरिकन विद्यापीठ ‘अधिस्वीकृत’ आहे एवढे कळून काहीच कळत नाही. अधिस्वीकृती कोणी दिली आणि ती देणारी संस्था तेथील शिक्षण खात्याच्या यादीत आहे काय, हे पाहावे लागते. हा घोळ परदेशातील भोळ्याभाबड्यांनाच भोवतो असेही नव्हे. २००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने शोध घेतला, तेव्हा अधिस्वीकृती नसलेल्या अवघ्या तीन संस्थांच्या दप्तरात ४६३ केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांची नावे निघाली. ब्रिटनमध्ये निदान कायदा स्पष्ट आहे : १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने अधिकार नसताना ब्रिटिश पदवी देऊ करणे हा गुन्हा ठरविला असून पदवी देण्यास समर्थ संस्थांची अधिकृत यादी कोणालाही पाहता येते.

यादीत नाव असणे ही अर्थातच पहिली पायरी. खरी परीक्षा त्यापुढची. प्रश्नपत्रिका कोण काढतो? आवारात शिकणाऱ्या आणि घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पेपर एकच असतो, की घरच्यासाठी वेगळी सोय केलेली असते? परीक्षा देखरेखीखाली होते काय? बाहेरचे परीक्षक असतात काय? पदवीपत्रावर नेमके कोणाचे नाव येते? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नसतो. लंडन विद्यापीठाच्या दूरशिक्षणातील अर्थशास्त्राच्या पदवीला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे शैक्षणिक मार्गदर्शन असते. पदवी मात्र लंडन विद्यापीठाची असते. दोन्ही नावे मोठी आहेत, तरी ती एकच नव्हेत, आणि अर्जात एकाऐवजी दुसरे लिहिणारा उमेदवार मुलाखतीत अडचणीत येतो. आणखी एक विचारावे : किती विद्यार्थी अनुत्तीर्ण होतात? नापासांचा आकडा सांगायला जे विद्यापीठ लाजत नाही त्याच्याविषयी आदर वाटावा. ‘शंभर टक्के यश’ हे शिकवणी वर्गाला शोभते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ते दिसले की पाकीट मिटून ठेवावे.

इतके सारे जमले तरी भारतीय विद्यार्थ्याचा पेच संपत नाही, कारण प्रतिष्ठा आणि मान्यता या दोन भिन्न वस्तू आहेत. लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीला दीडशे वर्षांची परंपरा आहे. तथापि बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार दूरशिक्षणाने मिळविलेल्या कायद्याच्या पदवीवर भारतात वकिलीची सनद मिळत नाही. मग ती पदवी लंडनची असो वा लातूरची. परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याचे काम अनेक वर्षे भारतीय विद्यापीठ संघ करीत आला, आणि त्याच्या नियमांचा भर पूर्णवेळ, विद्यापीठाच्या आवारात राहून केलेल्या अभ्यासावर राहिला. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समकक्षतेसाठी स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच आयोगाने एक इशारा दिला होता : परदेशी विद्यापीठांच्या नावाने ऑनलाइन पदव्या देऊ करणाऱ्या शिक्षणतंत्र कंपन्यांच्या मक्तेदारी पद्धतीच्या व्यवस्थांना परवानगी नाही. त्यानंतरही जाहिराती दिसतात, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

खासगी कंपनीत काम करणाऱ्याचे गणित निराळे. तेथे वरिष्ठाला पदवीची पारख असेल तर समकक्षतेचा कागद कोणी मागत नाही, आणि लंडनची किंवा ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची चांगल्या श्रेणीतली पदवी तेथे खरोखर उपयोगी पडते. शिक्षिकेला किंवा सरकारी कारकुनाला मात्र ही सवलत नाही. त्यांनी पहिला हप्ता भरण्यापूर्वी आपल्या आस्थापना शाखेला विद्यापीठाचे, अभ्यासक्रमाचे आणि शिक्षणपद्धतीचे नाव घालून अर्ज द्यावा, ही पदवी वेतनश्रेणीसाठी किंवा बढतीसाठी धरली जाईल काय असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. तोंडी ‘चालेल की’ म्हणणारा अधिकारी दोन वर्षांनी बदलून गेलेला असतो.