मृत्यू मिरजेत, माणूस जतचा

जत तालुक्यातला कर्करोगाचा रुग्ण मिरजेच्या इस्पितळात दगावला, तर त्याची नोंद मिरजेतच होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडतो तिथेच तो नोंदवतात. त्यामुळे सांगली-मिरजेच्या दप्तरात आसपासच्या तालुक्यांचेच नव्हे, तर कर्नाटकातल्या रुग्णांचेही मृत्यू जमा होतात. राहत्या पत्त्याचा रकाना न पाहता बेरीज केली, तर उपचार देणारं शहरच रोगट ठरतं.

साताऱ्यात अडचण वेगळी आहे. माण-खटाव, जावळी-पाटणची तरुण मंडळी मुंबई-पुण्याला, गावात म्हातारी माणसं. कर्करोग वयाबरोबर वाढतो, म्हणजे अशा गावात लाखामागे मृत्यू जास्त दिसणारच. वयाचा हिशेब धरून काढलेल्या दराशिवाय दोन तालुक्यांची तुलना करणं चुकीचंच.

'यंदा आमच्या गावात कॅन्सरनं चार गेले, फवारणीची औषधंच भोवली,' असं द्राक्षपट्ट्यात कानावर येतं. ही भीती उडवून लावू नये, तपासावी. समजा, एखाद्या गावात वर्षाला सरासरी दोन मृत्यू अपेक्षित आहेत. अशी सात गावं घेतली, तर त्यांतल्या एखाद्या गावात एका वर्षी निव्वळ योगायोगानं चार किंवा जास्त मृत्यू होऊ शकतात. म्हणून दहा वर्षांचे आकडे हवेत. कर्करोग एकाच अवयवाचा आहे का, तेही पाहायला हवं. तंबाखूनं होणारा तोंडाचा आणि एचपीव्ही विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग एका बेरजेत घातले, तर कारण सापडणार नाही.

असे आकडे जमवण्याचं काम शेजारच्या जिल्ह्यातल्या बार्शीनं करून दाखवलंय. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बायकांमध्ये सर्वाधिक, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे बार्शीच्याच नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं.

आकडे नीट जमायचे, तर घरच्यांचाही हातभार हवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत नातेवाइकांना देणं इस्पितळांवर बंधनकारक आहे. दुःखाच्या घाईतही ती मागून घ्या. त्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' असेल, तर मूळ आजार लिहायला सांगा, आणि नोंदणीच्या अर्जात गावाचा पत्ता नीट भरा.