बाटलीत न राहणारं कीटीन

एमएस्सीचा प्रोजेक्ट, पुण्यातला जुलै. बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये इमीन आणि ट्रायएथिलअमीन होतं आणि मी वरून आम्ल-क्लोराइड थेंब थेंब सोडत होते. दर थेंबासरशी आत धूर उठायचा, द्रावण ताकासारखं पांढरं व्हायचं.

"तो नुसता क्षार गं," शेजारच्या टेबलावरून सिनियर ताई म्हणाली. "कीटीन तयार झालं आणि खर्चीसुद्धा पडलं."

ज्याच्यावर सगळा प्रयोग बेतलेला, ते कीटीन मला कधीच दिसणार नव्हतं.

सर्वांत साधं कीटीन म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन एका रेषेत, शिवाय टोकाच्या कार्बनवर दोन हायड्रोजन. मधल्या कार्बनला दोन्हीकडे दुहेरी बंध. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून हा मधला कार्बन कायम भुकेला. पाणी भेटलं की त्याचं व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल होतं, अल्कोहोल भेटलं की एस्टर, अमीन भेटलं की अमाइड. कोणीच भेटलं नाही, तर दोन कीटीन एकमेकांनाच धरतात आणि डायकीटीन होतं. त्यामुळे हा वायू सिलिंडरमध्ये भरून ठेवता येत नाही. अ‍ॅसिटोनची वाफ सुमारे ७०० अंशांवर तापवून तो बनवायचा आणि तिथल्या तिथे वापरायचा. तो अतिशय विषारी आहे. श्वासातून गेला तर फुप्फुसांना इजा करतो, आणि त्रास कधी कधी काही तासांनी जाणवतो.

हेरमान श्टाउडिंगर यांनी १९०५ मध्ये पहिलं कीटीन बनवलं. १९०७ मध्ये कीटीन आणि इमीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेलं संयुग) जोडून त्यांनी चार अणूंचं एक कडं मिळवलं, बीटा-लॅक्टम. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून २१ वर्षं होती, आणि पेनिसिलिनच्या गाभ्यात हेच कडं निघालं! त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं ते पॉलिमरसाठी. त्या कामाच्या सावलीत हे कडं झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मला तेच कडं हवं होतं, म्हणून आम्ल-क्लोराइडपासून कीटीन फ्लास्कमध्येच तयार करत होते. पहिल्या खेपेला टीएलसीच्या (थिन लेअर क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवर नवा ठिपका उमटलाच नाही. हाती आलं ते नुसतं आम्ल. पावसाळी हवा, वरवर पुसलेला फ्लास्क. माझ्या इमीनच्या आधी पाण्यानं डाव साधला होता.

दुसऱ्या खेपेला काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं, द्रावक नव्यानं कोरडं केलं, तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळी लावली. चौथ्या दिवशी इन्फ्रारेडच्या कागदावर १७५० च्या आसपास रेघ सरळ खाली उतरली, बीटा-लॅक्टमची खूण. ताईनं त्या टोकावर पेन्सिलीनं गोल केला.