दरडोई उत्सर्जनाचा फसवा हिशेब

परभणी जिल्ह्यातील ताडकळस परिसरात ज्वारी, तूर, सोयाबीन ही पिके. भातखाचरांसारखे पाणी साचत नसल्याने मिथेन नगण्य. मात्र युरियातील थोडा नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक.

पीकशेतीचे देशभरातील उत्सर्जन लोकसंख्येने भागले की दरडोई आकडा निघतो. भारतात भागीदार १४० कोटींहून अधिक! सुमारे पावणेतीन कोटींच्या ऑस्ट्रेलियाचा आकडा निर्यातीच्या गव्हानेही फुगतो, खाणारे परदेशात. आपल्या निर्यातीच्या तांदळाचा मिथेनही असाच भारताच्या खाती पडतो. पण भाताचे बांध नसलेल्या ताडकळसच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पंजाबच्या भात उत्पादकाच्या पंक्तीला बसवणारी ही सरासरी अन्यायकारकच म्हणावी लागेल.