लिहिणं त्याचं, सही आपली

गांधीबाग, इतवारी, महाल या भागांतल्या दुकानांची शटरं रात्री नऊच्या सुमारास खाली येतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, झाला दिवस. पण पुष्कळदा अर्धवट ओढलेल्या शटरच्या आत दिवा जळत असतो. लहान धंदेवाल्याची दुसरी पाळी तिथं सुरू झालेली असते. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळायचं आणि रात्री कागद. बिलं काढायची, कोटेशन पाठवायची, थकबाकीचे तगादे लिहायचे. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण आणि २० तारखेला कराचा भरणा. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. इथं मालक, मुनीम, कारकून आणि शिपाई एकच असतो, आणि त्याचं जेवण घरी झाकून ठेवलेलं असतं.

या दुसऱ्या पाळीसाठी आता एक मदतनीस आला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणा, नाही तर सगळे म्हणतात तसं एआय म्हणा. पत्र लिहायचं वर्ड, तक्ते मांडायचं एक्सेल, रोजचा ईमेल, या ओळखीच्या सॉफ्टवेअरमध्येच त्याची बैठक आहे. मायक्रोसॉफ्टनं आपला ‘कोपायलट’ नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपन्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२५ पासून घरगुती वर्गणीतही आणला. गूगलनं ‘जेमिनी’ जीमेलच्या आणि तक्त्यांच्या शेजारी बसवला, आणि जून २०२४ मध्ये त्याचं अ‍ॅप मराठी आणि उर्दूसह नऊ भारतीय भाषांत दिलं. माझ्या घरची बोली उर्दू आणि लेखणी मराठी, त्यामुळे ही बातमी मी जरा अधिक कान देऊन ऐकली. ही सगळी मुंबई-बंगळुरूची नवलाई आहे, असंही समजू नका. राज्याच्या पोलिसांसाठी एआयचं काम करणारी ‘मार्वल’ ही सरकारी कंपनी २०२४ साली आपल्या नागपुरातच स्थापन झाली.

हा मदतनीस काम कसा करतो? मी साधा बीए, यंत्राचं गणित माझ्या आवाक्यातलं नाही. पण मुशायऱ्यात बसलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळेल. गझलेचा मतला झाला की काफिया आणि रदीफ श्रोत्यांच्या कानात ठसतात. मग शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो, दुसरी ओळ निम्म्यावर येते, आणि सभागृह शेवटचा शब्द शायराच्या आधीच उच्चारतं. श्रोत्यांना तो शेर आधी ठाऊक नसतो. आजवर ऐकलेल्या शेकडो गझलांवरून त्यांनी अंदाज बांधलेला असतो. एआयनंही माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर असाच पचवलेला आहे, आणि पुढं कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत तो लिहीत जातो. मात्र कधी कधी सभागृहाचा शब्द एक निघतो आणि शायराचा दुसराच. सभागृहाचा शब्दही वृत्तात बसतो, यमकात बसतो, पण शायराला ते म्हणायचंच नसतं. शोभणारं आणि खरं यांतला हा फरक लक्षात ठेवला, तर या यंत्राकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, हे आपोआप उमगेल.

घ्यावं ते आधी सांगतो. माझ्या ओळखीचा एकजण महालात छपाईचं लहानसं दुकान चालवतो. एके दिवशी तो म्हणाला, “भाई, माल देऊन तीन महिने झाले, पैसे येऊनच नाही राहिले. फोन केला का साहेब मीटिंगमध्ये. लिहून द्यावं म्हटलं तर इंग्रजीत लिहा लागते, अन् आपलं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे!” अशा पत्रासाठी तो आजवर टायपिंगवाल्याकडे जात असे. एक फेरी सांगायला, एक आणायला, आणि चूक निघाली की तिसरी.

खरं म्हणजे कायदा त्याच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा उद्योगानं पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही म्हणत असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघू उत्पादकाला, तसंच सेवा देणाऱ्याला हे संरक्षण आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. छपाईवाला त्यात बसत होता, त्याची नोंदणीही होती. अडत होतं ते एका पत्रापाशी.

आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. त्यानं आपल्या मराठीत सांगितलं, मी टाइप केलं: माल कोणता, कधी पोचला, रक्कम किती, किती फोन झाले, आणि पत्र कडक हवं पण गिऱ्हाईक तुटता कामा नये. मिनिटभरात इंग्रजी पत्र तयार. भाषा नेटकी, सूर नेमका. मग आम्ही ते ओळीनं वाचलं. बिलाचा क्रमांक आम्ही सांगितलाच नव्हता, तरी पत्रात एक क्रमांक होता. पत्रात क्रमांक शोभतो, म्हणून त्यानं घातला! कायद्याची मुदतही ३० दिवस लिहिली होती. बिलबुकातून खरा क्रमांक घेतला, मुदत कायद्यातून पाहून दुरुस्त केली आणि पत्र रवाना केलं. आठवड्यानं लेखी उत्तर आलं की बिलाची छाननी चालू आहे. पैसे अजून यायचे होते, पण तीन महिन्यांत हाती आलेला तो पहिला कागद होता. उद्या उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागायची वेळ आली, तर असाच कागद उपयोगी पडतो.

या सगळ्याला अर्धा तास लागला. वेळ वाचला हे तर झालंच. पण आपल्या हक्काचं मागायला जी भाषा लागते ती हाताशी नाही, एवढ्यावरून किती माणसं गप्प बसली असतील! ही भिंत आता जरा खाली आली आहे.

असंच दुसरं काम लांबलचक कागद वाचण्याचं. निविदेची चाळीस पानं असतात आणि आपल्याला हव्या असतात चार गोष्टी: अनामत किती, शेवटची तारीख कोणती, पात्रता काय आणि दंड कशाकशाला. त्या विचारा, पण प्रत्येक उत्तरासोबत पान क्रमांक मागा. मग ते पान स्वतः उघडून पाहा. चाळीस पानांऐवजी चार पानं वाचावी लागली, ही बचत कमी नाही.

आता घेऊ नये ते. आकडे. आकड्यांच्या बाबतीत माझा एकच नियम आहे: सूत्र मागा, उत्तर मागू नका. ‘यांची बेरीज सांग’ असं विचारलं तर उत्तर अंदाजानं येण्याचा धोका असतो. ‘या रकान्यावर १८ टक्के कर लावून एकूण दाखवणारं सूत्र दे’ असं विचारलं, तर सूत्र तो लिहितो आणि गणित एक्सेल करतं, आणि एक्सेल अंदाज करत नाही. मग एक ओळ हातानं पडताळा. १२,५०० रुपयांवर १८ टक्के म्हणजे २,२५०, एकूण १४,७५०. हे जुळलं की सूत्र पुढच्या ओळींवर ओढा. हा माझा भित्रेपणा नव्हे. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलच्या चौकटीत थेट कोपायलटला विचारायची सोय दिली, तेव्हा आकडेमोडीसाठी आणि जिथं अचूकपणा हवा अशा कामासाठी ती वापरू नका, असं स्वतःच बजावलं. दुकानदार स्वतः सांगतो आहे की हा तराजू सोनं तोलायचा नाही, तर आपण ऐकावं.

कराच्या दरांचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि ५ व १८ हे दोन मुख्य टप्पे राहिले. यंत्रानं वाचलेला पुष्कळसा मजकूर त्याआधीचा आहे. तो जुना दर छातीठोकपणे सांगू शकतो. दर सरकारी यादीतूनच घ्यावा, नाही तर आपल्या कर सल्लागाराला विचारावा.

‘यंत्राची चूक, मी काय करू?’ असं म्हणून सुटका होत नाही, हे आता न्यायासनांनीही सांगितलं आहे. कॅनडातल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या यांत्रिक मदतनिसानं सवलतीची चुकीची माहिती दिली. त्या मदतनिसाच्या बोलण्याला आपण बांधील नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयनं दिलेलं पडताळल्यावाचून वापरू नका, असं न्यायालयानं त्या वेळी बजावलं. सरकारी खात्याच्या कागदात असं घडतं, तर आपल्या दुकानाच्या कागदात का घडणार नाही?

आपल्या मराठीची एक अडचण इथं सांगायलाच हवी. छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या फॉण्टात मजकूर साठवला गेला आहे. पडद्यावर तो सुरेख मराठी दिसतो, पण आत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. असा मजकूर एआयला दिला तर त्याला काही बोध होत नाही. जुनी दरपत्रकं, पत्रांचे नमुने, ग्राहकांच्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार तेवढे नजरेखालून घाला. हे काम एकदाच करावं लागतं.

आणि दुकानाची गुपितं दुकानातच ठेवा. गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन क्रमांक, बँकेची खाती, कामगारांची वैयक्तिक माहिती फुकटच्या अ‍ॅपमध्ये ओतू नका. कित्येक फुकट सेवा तुमचा मजकूर आपल्या यंत्राच्या शिकवणीसाठी वापरू शकतात. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय असेल तर आधी ती शोधा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती सांभाळणं ही आता नुसती सभ्यता उरलेली नाही. पत्रात नावाच्या जागी ‘ग्राहक’ लिहा आणि खरं नाव शेवटी हातानं भरा.

मग त्या टायपिंगवाल्याचं काय, असं कुणी विचारेल. मलाही तो प्रश्न पडतो. नुसतं टाइप करून देण्याचं काम कमी होणार, हे लपवून उपयोग नाही. पण त्याला टायपिंगपलीकडचंही पुष्कळ ठाऊक असतं. कोणत्या खिडकीवर कोणता कागद अडतो, कोणत्या अर्जाला कोणती प्रत जोडावी लागते, कुठं कडक लिहायचं आणि कुठं विनंती करायची, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं. हे यंत्र त्यानं स्वतः हाताळायला घेतलं, तर दिवसाला चार पत्रांऐवजी चौदा पत्रं तो पाहून देईल, आणि पैसे या पाहून देण्याचे घेईल. धंदेवाल्यांनीही वाचलेल्या पैशातला थोडा अशा जाणत्या नजरेवर खर्च करावा.

सुरुवात लहान कामानं करा. या आठवड्यात एकच पत्र घ्या, फार दिवस लिहायचं राहून गेलेलं. आपल्या बोलीत सांगा, मसुदा करून घ्या. नावं, तारखा आणि आकडे लाल पेनानं अधोरेखित करून मूळ कागदाशी ताडून पाहा. ज्या वाक्याचा अर्थ कळला नाही ते वाक्य काढून टाका, कारण उद्या त्याचा जाब तुम्हालाच विचारतील. मग सही करा, शटर ओढा आणि जेवण गरम आहे तोवर घरी जा.